जुन्या कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड: डिस्प्ले येत नसेल, मशीन बंद पडत असेल तर काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

नागपुरात कॉम्प्युटर सहजासहजी भंगारात जात नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला एच६१ मदरबोर्डचा पीसी असो, की एखाद्या ऑफिसातून निघालेला रिफर्बिश्ड डेस्कटॉप असो, त्यात ८ जीबी रॅम आणि एसएसडी टाकली की अभ्यासाला, टॅलीला, फोटोशॉप शिकायला तो अजून मस्त चालतो. मग घरातलं कुणीतरी ग्राफिक्स कार्डचा विषय काढतं. सीताबर्डीच्या बाजारातून कार्ड येतं, कॅबिनेट उघडतं, कार्ड बसतं, बटण दाबलं जातं. पंखे फिरतात आणि मॉनिटरवर येतं ‘नो सिग्नल’.

यानंतर लोक जे करतात त्यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं आहे. कुणी विंडोज फॉरमॅट मारतं, कुणी नवी रॅम आणतं, कुणी तडक दुकान गाठतं आणि म्हणतं, “भाऊ, कार्ड खराब निघालं, बदलून द्या.” दुकानदार ते कार्ड आपल्या टेस्ट बेंचवर लावतो आणि तिथे ते पहिल्या झटक्यात चालतं. जुन्या मशीनच्या बाबतीत हे इतक्यांदा होतं की माझा सल्ला ठाम आहे: कार्डावर संशय सगळ्यात शेवटी घ्या. त्याआधी एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), बायोस (मशीन सुरू होताना चालणारा मदरबोर्डातला प्रोग्रॅम) आणि मॉनिटरची केबल या तिघांची झडती घ्या. कार्ड ज्यात बसतं तो पीसीआय एक्सप्रेस स्लॉट मागच्या-पुढच्या पिढ्यांशी जुळवून घेतो. ४.० चं कार्ड २.० च्या स्लॉटमध्ये चालतं, फक्त वेग कमी मिळतो. त्यामुळे स्लॉट जुना आहे म्हणून डिस्प्ले येत नाही, असं सहसा नसतं.

एक पथ्य शेवटपर्यंत पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला, मशीन चालू करून बघा, मगच पुढे जा. रॅम, केबल आणि बायोस एकदम बदलले आणि डिस्प्ले आला, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कळत नाही आणि महिन्याभराने तोच त्रास पुन्हा सुरू होतो.

आधी लक्षण नीट बघा

“चालत नाही” एवढ्याने काहीच कळत नाही. बटण दाबल्यावर पंखा क्षणभर हलून थांबतो का? थांबत असेल तर पॉवरची अडचण आहे किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. पंखे फिरत राहतात पण स्क्रीन काळी? मग केबल, कार्डाची बैठक किंवा बायोस. कंपनीचा लोगो दिसतो आणि विंडोज लोड होताना स्क्रीन काळी पडते? तो ड्रायव्हरचा मामला आहे. सगळं चालतं पण गेम लावला की मशीन रिस्टार्ट होतं? मला पहिला संशय एसएमपीएसचा येतो.

बीप ऐकू येतो का तेही बघा. अवॉर्ड बायोस असलेल्या जुन्या बोर्डांवर एक लांब आणि दोन छोटे बीप म्हणजे डिस्प्लेची तक्रार. एएमआय बायोसमध्ये आठ छोटे बीप डिस्प्ले मेमरीकडे बोट दाखवतात. बाकीचे कोड बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये मिळतील. बऱ्याच कॅबिनेटांत बीपचा स्पीकरच नसतो. तो छोटासा बझर अगदी स्वस्तात मिळतो आणि बोर्डावरच्या चार पिनांवर बसतो. जुनं मशीन वापरणाऱ्याने तो लावूनच घ्यावा.

कार्ड काढून मशीन चालवून बघा

भिंतीवरच्या बोर्डवरचं स्विच बंद करा, पॉवर कॉर्ड काढा आणि मग पीसीचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे कपॅसिटरमध्ये साठलेला करंट निघून जातो. आता कार्ड काढा, मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला लावा आणि चालू करा.

डिस्प्ले आला तर बाकी मशीन ठीक आहे. नाही आला तर कार्ड बसवताना दुसरंच काहीतरी हललं आहे: रॅमची एक बाजू वर आली असेल, प्रोसेसरची चार पिनांची पॉवर केबल निघाली असेल. ते आधी निस्तरा. एक अपवाद ध्यानात ठेवा. ज्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसतं (इंटेलचे नावात ‘एफ’ असलेले, बरेचसे झिऑन, जुने ‘जी’ नसलेले रायझन) त्यांच्यावर मदरबोर्डचा पोर्ट कधीच डिस्प्ले देणार नाही. तिथे एखादं जुनं चालू कार्ड मागून आणून लावून बघावं लागतं.

मार्च ते मे या महिन्यांत आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की गाडीच्या दाराला, प्लास्टिकच्या खुर्चीलाही चटका बसतो. तीच स्टॅटिक वीज कार्डाच्या चिपला मारू शकते. कार्ड हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. टेरिकॉटचा शर्ट घालून, पायाखाली सतरंजी घेऊन हे काम करू नका. कार्ड धरायचं ते कडांनी.

कार्ड खरंच पूर्ण बसलंय का

कार्ड प्रोसेसरच्या सगळ्यात जवळच्या लांब स्लॉटमध्ये लावा. काही बोर्डांवर खालीही तसाच लांब स्लॉट असतो, पण आत त्याला चारच लेन (डेटाच्या वाटा) जोडलेल्या असतात.

आता टॉर्च घेऊन आडवं बघा. स्लॉटच्या टोकाला एक छोटी खिट्टी असते. कार्ड पूर्ण खाली गेलं की ती आपोआप वर येऊन कार्डाच्या खाचेत अडकते. ती अर्धवट तिरपी दिसली तर कार्ड बसलेलं नाही. जुन्या कॅबिनेटांत याचं नेहमीचं कारण मागच्या बाजूला सापडतं: कार्डाच्या लोखंडी पट्टीचं खालचं टोक कॅबिनेटच्या वाकलेल्या पत्र्यावर टेकतं, त्यामुळे पुढची बाजू बसते आणि मागची दोन मिलिमीटर वर राहते. त्यात पट्टीचा स्क्रू पिळला की कार्ड आणखी उचललं जातं. पक्कडीने पत्रा किंचित सरळ करा, कार्ड दोन्ही टोकांना सारखा दाब देऊन बसवा, ‘टक’ आवाज ऐका आणि स्क्रू सगळ्यात शेवटी लावा.

स्लॉट वर्षानुवर्षं रिकामा असेल तर त्यात धूळ घट्ट बसलेली असते. ती ब्लोअरने उडवा, फुंकर मारू नका, तोंडातला ओलावा आत जातो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. कार्ड सेकंडहँड असेल तर त्याचे सोनेरी संपर्क पांढऱ्या खोडरबराने हलके घासा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा.

कार्डाची लांबीही मोजा. जुन्या कॅबिनेटात हार्ड डिस्कचा पिंजरा मध्ये येतो आणि लांब कार्ड त्याला टेकून वाकडं बसतं. कधी कार्डाखाली मदरबोर्डचे साटा पोर्ट (डिस्क जोडायचे) दबतात. तिथे काटकोनात वळलेली साटा केबल लावली की जागा होते.

मॉनिटर आणि केबल

मॉनिटरची केबल कार्डाला लागली आहे, मदरबोर्डला नाही, याची खात्री करा. अनेकांचं काम इथेच होतं. मग मॉनिटरच्या मेनूत जाऊन इनपुट हाताने निवडा. ऑटोवर भरवसा ठेवू नका.

जुना मॉनिटर फक्त व्हीजीएचा असेल तर मात्र नीट समजून घ्या. एनव्हिडियाने जीटीएक्स १० मालिकेपासून आणि एएमडीने २०१३ च्या आर९ २९० पासून कार्डातून अॅनालॉग सिग्नल काढून टाकायला सुरुवात केली. म्हणजे डीव्हीआयच्या तोंडावर लावायचा तो साधा पांढरा-निळा व्हीजीए जोडही आता उपयोगाचा नाही. त्यासाठी अॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो, ज्यात डिजिटल सिग्नलचं अॅनालॉग करणारी चिप असते. दुकानात “एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर” असंच मागा आणि एचडीएमआयची बाजू कार्डाकडे येते ना ते बघा. उलट दिशेचे कन्व्हर्टरही तसेच दिसतात आणि ते इथे चालत नाहीत.

डिस्प्लेपोर्टवर बायोसचा लोगो दिसत नाही पण विंडोज दिसतं, असं झालं तर एकदा एचडीएमआयने जोडून बघा. जीटीएक्स ९०० आणि १० मालिकेच्या काही कार्डांना नव्या डिस्प्लेपोर्ट मॉनिटरवर सुरुवातीला काळी स्क्रीन येत असे. त्यासाठी एनव्हिडियाने फर्मवेअर अपडेटचं स्वतंत्र टूल दिलेलं आहे.

एसएमपीएस: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस आणि त्यावर मोठ्या अक्षरात ‘४५० वॅट’ असं स्टिकर. त्या आकड्याकडे बघूच नका. खाली एक तक्ता असतो, त्यात +३.३, +५, +१२ असे रकाने आणि प्रत्येकाखाली अँपिअर दिलेले असतात. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जवळपास सगळी वीज १२ व्होल्टमधून घेतात, म्हणून तोच रकाना वाचा.

समजा तिथे १६ अँपिअर लिहिलंय. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. तुमच्या ‘४५० वॅट’च्या डब्यात कामाची वीज एवढीच. आता खर्च मोजा. आय५-३४७० हा प्रोसेसर ७७ वॅटचा. बोर्ड, रॅम, डिस्क आणि पंखे मिळून ४०-५० वॅट धरा. उरले ६५-७५. जीटीएक्स १६५० सारखं साधं कार्डसुद्धा ७५ वॅटचं, म्हणजे पहिल्याच दिवशी काठोकाठ. आणि सेकंडहँड बाजारात जे सगळ्यात जास्त फिरतं ते आरएक्स ५८० तर १८५ वॅटचं आहे. ते या एसएमपीएसवर डेस्कटॉप दाखवेल, पण गेम सुरू होताच मशीन बंद पडेल. त्यात कार्डाची ओढ एकसारखी नसते, क्षणभर ती सरासरीच्या बरीच वर जाते. शिवाय दहा वर्षं उन्हाळे काढलेल्या एसएमपीएसचे कपॅसिटर नव्यासारखे राहिलेले नसतात. स्टिकरवर १२ व्होल्टचे दोन रकाने असतील तर दोघांची सरळ बेरीज करू नका. दोन्ही मिळून कमाल किती वॅट, ते खाली वेगळं लिहिलेलं असतं.

वीज कार्डापर्यंत कशी पोहोचते तेही बघू. स्लॉट स्वतः जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. ६ पिनांची केबल आणखी ७५ आणि ८ पिनांची १५० वॅट देते. कार्डावर पिना आहेत आणि केबल लावलेली नाही, तर कार्ड डिस्प्ले देणार नाही किंवा स्क्रीनवर पॉवर केबल जोडण्याची सूचना दाखवेल. काही कार्डांचे पंखे अशा वेळी पूर्ण वेगाने ओरडत राहतात.

प्रोसेसरची ८ पिनांची केबल (४ अधिक ४) आणि कार्डाची ८ पिनांची केबल (६ अधिक २) दिसायला सारख्या असतात, पण त्यांच्यातल्या १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट असतात. पिनांचा आकार जाणूनबुजून वेगळा ठेवलेला असतो. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर तिथेच थांबा. मॉड्युलर (केबल सुट्ट्या निघणाऱ्या) एसएमपीएसची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीच लावू नका.

आणि कन्व्हर्टर. साटा पॉवरच्या एका जोडाला १२ व्होल्टवर फार तर ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट झेपतात. त्यातून ६ पिनांची ७५ वॅटची केबल काढणारा कन्व्हर्टर दुकानात सर्रास मिळतो, पण तो लावू नका. प्लास्टिक वितळतं, आगही लागू शकते. दोन मोलेक्समधून (जुन्या चार पिनांच्या पॉवर जोडांतून) एक ६ पिनी काढणारा कन्व्हर्टर त्यातल्या त्यात बरा, पण तो वापरायची वेळ आली याचाच अर्थ तुमचा एसएमपीएस या कार्डासाठी बनलेला नाही.

बजेट ठरलेलं असेल तर मी म्हणेन, एक पायरी खालचं कार्ड घ्या आणि उरलेल्या पैशांत नामांकित कंपनीचा ४५० ते ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) एसएमपीएस घ्या. तो या मशीननंतरच्या मशीनलाही कामी येईल. सेकंडहँड कार्ड घेतलंत तर हरकत नाही, एसएमपीएस मात्र सेकंडहँड घेऊ नका.

ऑफिसातून निघालेल्या ब्रँडेड डेस्कटॉपची गोष्ट जरा वेगळी. डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० च्या छोट्या आकाराच्या कॅबिनेटात २४० वॅटचा एसएमपीएस असतो, त्याला कार्डाची केबल नसते आणि आत फक्त लो प्रोफाइल, म्हणजे अर्ध्या उंचीचं कार्ड मावतं. तिथे बाहेरून वीज न लागणारंच कार्ड घ्या. जीटी १०३० तीस वॅटचं आहे. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं कार्ड ७० वॅटचं आहे, ते लो प्रोफाइलमध्येही मिळतं. ऑप्टिप्लेक्स ३०२०, ७०२० आणि ९०२० मध्ये तर मदरबोर्डला २४ ऐवजी ८ पिनांचाच मुख्य पॉवर जोड असतो, त्यामुळे बाजारातला एसएमपीएस सरळ लागत नाही, अॅडॉप्टर शोधावा लागतो.

एसएमपीएसच्या मागे ११५/२३० असं लिहिलेलं लाल स्विच असेल तर ते २३० वरच ठेवा. मुलांना त्याला हात लावू देऊ नका.

बायोस: नवं कार्ड आणि जुनं बोर्ड यांची ओळख

केबल बरोबर, वीज पुरेशी, कार्ड नीट बसलेलं आणि तरी स्क्रीन काळी, तर अडचण बहुधा बायोसमध्ये आहे. कार्ड लावल्यावर डिस्प्लेच नाही तर बायोसमध्ये जायचं कसं? कार्ड काढा, मॉनिटर मदरबोर्डला लावा, सेटिंग बदला, सेव्ह करा, बंद करा आणि मग कार्ड लावा. दर बदलाला हेच करावं लागेल. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

सुरुवात बोर्डावरच्या सेलपासून करा. सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. मशीन चालू केल्यावर तारीख दरवेळी जुन्या सालात जात असेल तर सेल संपलाय आणि तुम्ही केलेली सेटिंग बोर्ड विसरतोय. पॉवर कॉर्ड काढलेली असताना सेल पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवला की बायोस मूळ स्थितीत येतो. तेवढ्यानेही पुष्कळदा डिस्प्ले येतो.

मग बायोसमध्ये ‘प्रायमरी डिस्प्ले’ किंवा ‘इनिट डिस्प्ले फर्स्ट’ अशा नावाचं सेटिंग शोधा. चिपसेट, अॅडव्हान्स्ड किंवा नॉर्थ ब्रिज या भागात ते सापडेल. तिथे ‘ऑनबोर्ड’ किंवा ‘आयजीएफएक्स’ असेल तर ‘पीईजी’ किंवा ‘पीसीआयई’ करा.

यानंतर लेगसी आणि यूईएफआय. हा भाग नीट वाचा, जुन्या मशीनचं खरं दुखणं इथे असतं. डिस्प्ले सुरू करण्यासाठी कार्डाच्या आत एक छोटा प्रोग्रॅम असतो. जुनी बोर्ड लेगसी पद्धतीचा प्रोग्रॅम मागतात, नवी यूईएफआयचा. दोन्ही चालवून घेणाऱ्या सोयीला बायोसमध्ये सीएसएम म्हणतात. बोर्ड फक्त लेगसीचं असेल तर आरएक्स ६४०० सारखं अलीकडचं कार्ड त्यावर काहीच दाखवत नाही. याच्या उलटही होतं: सीएसएम बंद असलेल्या मशीनमध्ये २०१२ च्या आधीचं जुनं कार्ड लावलं तर तेही काळंच राहतं. म्हणून सीएसएम चालू असेल तर बंद करून बघा, बंद असेल तर चालू करून बघा.

पण सीएसएम बंद करण्याआधी विंडोजमध्ये ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडा आणि ‘बायोस मोड’पुढे काय लिहिलंय ते बघा. ‘लेगसी’ असेल तर सीएसएम बंद केल्यावर विंडोज सुरू होणार नाही. घाबरू नका, डेटा कुठेही गेलेला नसतो, सेटिंग परत फिरवलं की विंडोज येतं. कायमचं यूईएफआयवर जायचं असेल तर विंडोज १० मध्ये १७०३ आवृत्तीपासून ‘एमबीआर२जीपीटी’ नावाची सोय आहे. त्याआधी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या. हे काम बॅकअपशिवाय करू नका.

पीसीआय एक्सप्रेसचा वेग ‘ऑटो’वर असेल तर ‘जेन २’ करून बघा. काही जुन्या बोर्डांचं नव्या कार्डाशी वेगावरच एकमत होत नाही आणि तो हाताने ठरवून दिला की गाडी मार्गी लागते.

बायोस अपडेट हा शेवटचा उपाय. फाइल बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. मॉडेल नंबरच नाही, बोर्डावर छापलेला रिव्हिजन नंबरही जुळला पाहिजे. आणि हे काम मे-जूनच्या संध्याकाळी वावधान सुटलेलं असताना करू नका. अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड हातचं जाऊ शकतं. मशीन चांगल्या बॅटरीच्या यूपीएसवर ठेवूनच अपडेट करा.

विंडोज आणि ड्रायव्हर

पहिल्यांदा विंडोज सुरू झाल्यावर स्क्रीन भलीमोठी आणि जाड दिसली तर तो दोष नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॉप्टर’ दिसेल, म्हणजे ड्रायव्हर यायचा आहे. जुन्या मशीनमध्ये आधी दुसरं कार्ड होतं तर डीडीयू हे मोफत टूल घ्या, इंटरनेट तोडा, सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर मुळासकट काढा आणि मग नवा टाका. ड्रायव्हर टाकताना स्क्रीन काही सेकंद काळी पडते. त्या वेळी पॉवरचं बटण दाबू नका.

ड्रायव्हर एनव्हिडिया किंवा एएमडीच्याच साइटवरून, आपल्या विंडोजच्या आवृत्तीसाठीचा घ्या. एनव्हिडियाने विंडोज ७ आणि ८.१ साठी नवे गेम ड्रायव्हर २०२१ मध्ये थांबवले. ३२ बिट विंडोजसाठी तर ३९० ही शेवटची शाखा होती. त्यामुळे ३२ बिट विंडोज ७ वर अलीकडचं कार्ड चालवायचा अट्टाहास सोडा, ६४ बिट विंडोज टाका. कोअर २ ड्युओ, कोअर २ क्वाड वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी: एनव्हिडियाच्या ५५५ शाखेपासूनच्या ड्रायव्हरांना प्रोसेसरमध्ये ‘पॉपसीएनटी’ ही सूचना लागते आणि ती या प्रोसेसरांत नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि ‘कोड ४३’ आला, डीडीयूने साफ करूनही गेला नाही, तर कार्ड खरं आहे का ते तपासा. जुन्या फर्मी पिढीच्या चिपवर खोटा बायोस चढवून ‘जीटीएक्स १०५० टीआय’ म्हणून विकलेली कार्डं बाजारात आहेत. जीपीयू-झेड हे मोफत टूल चालवा. २०१८ पासूनच्या आवृत्त्यांमध्ये ते अशी कार्डं ओळखून नावापुढे ‘फेक’ लिहितं. टूल चालवण्याआधी कार्डाची मागची बाजू बघा. १०५० टीआय म्हणून घेतलेल्या कार्डाला निळा व्हीजीए पोर्ट असेल तर दाट शंका घ्या, कारण त्या पिढीत अॅनालॉग सिग्नलच नाही.

गेम लावला की मशीन बंद

इथे तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात, त्या वेगळ्या करा. स्क्रीन काळी झाली पण गाण्याचा आवाज येतोय, थोड्या वेळाने डेस्कटॉप परत आला: कार्ड किंवा ड्रायव्हर. अख्खं मशीन झटक्यात रिस्टार्ट झालं, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतंय: वीज तुटली. वीस-पंचवीस मिनिटं छान चाललं आणि मग अडखळायला लागलं: उष्णता.

एसएमपीएसचा संशय पक्का करायला पैसे लागत नाहीत. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत टूल टाका आणि पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा. त्यावर तोच गेम तासभर न पडता चालला तर तुमचं उत्तर मिळालं: कार्ड ठीक आहे, वीज पुरत नाही.

पण एसएमपीएस बदलायला निघण्याआधी मधला यूपीएस बाजूला काढा. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो, त्यावर मॉनिटर आणि राउटरही लावलेला असतो आणि बॅटरी तीन-चार वर्षांची झालेली असते. कार्ड येण्याआधी तो पुरत होता, आता पुरत नाही. एकदा पीसी सरळ भिंतीवरच्या बोर्डवरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटला किंवा चांगल्या स्पाइक गार्डला लावून बघा. त्रास थांबला तर दोष यूपीएसचा.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर काम तिथेच थांबवा. अर्थिंग नाही किंवा कमजोर आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन खोलवर सुकते आणि अर्थिंगच्या खड्ड्याची जमिनीशी पकड ढिली पडते. म्हणूनच जुने इलेक्ट्रिशियन एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात पाणी ओतायला सांगतात. मल्टिमीटरने फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर काही दिसलं तर वायरिंग बघायला हवं.

नागपूरचा उन्हाळा

बाहेर ४५ अंश आणि खोलीत ३८ असताना कार्डाला थंड हवा मिळणार कुठून? थंडीत ६८ अंशांवर राहणारं कार्ड मेमध्ये ८० च्या पुढे जाईल, हे गृहीत धरा. जीटीएक्स १० मालिकेची कार्डं ८३-८४ अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करतात. त्याने कार्ड बिघडत नाही, पण गेम अडखळतो.

कॅबिनेटची बाजू काढून तोच गेम चालवा. तापमान सात-आठ अंशांनी खाली आलं तर कार्ड नाही, कॅबिनेट गुदमरतंय. पुढून हवा आत घेणारा एक आणि मागून बाहेर फेकणारा एक, असे दोन १२० मिलिमीटरचे पंखे लावा. बाजू कायमची उघडी ठेवू नका, धूळ वाढते आणि पालीही आत जातात.

कूलरबद्दल खास सांगतो. डेझर्ट कूलरने खोली थंड होते, त्याचा फायदा कार्डालाही होतो, पण पीसी कूलरच्या झोतात ठेवू नका. वाळ्याच्या किंवा लाकडाच्या पट्ट्यांच्या जाळीतून बारीक तुषार येतात. ओलसर हवेत धूळ कार्डाच्या हीटसिंकवर चिखलासारखी जमते आणि पंख्याच्या बेअरिंगमध्ये जाते. पीसी झोतापासून बाजूला, भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वर ठेवा. सेकंडहँड कार्डाची थर्मल पेस्ट उन्हाळ्याआधी बदलून घ्या.

चालतं, पण म्हणावं तसं नाही

जीपीयू-झेडमध्ये ‘बस इंटरफेस’ बघा. मशीन शांत असताना तिथे १.१ दिसेल, तो वीज वाचवण्याचा भाग आहे. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालवली की खरा वेग कळतो. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी या कार्डांना चारच लेन आहेत. पीसीआय एक्सप्रेस ४.० वर त्यांना सेकंदाला सुमारे ८ जीबी डेटा मिळतो, तर २.० च्या जुन्या बोर्डावर फक्त २ जीबी. एच६१ बोर्डासाठी ही कार्डं घेऊ नका, १६ लेनचं जीटीएक्स १६५० बरं. इंटेलची आर्क कार्डंही टाळा. त्यांना रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि इंटेल स्वतः दहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर सुचवतं.

टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १०० टक्के आणि जीपीयू ४० टक्के दिसत असेल तर कार्ड प्रोसेसरची वाट बघत बसलंय. त्यावर आणखी महागडं कार्ड हा उपाय नाही. रॅमची एकच पट्टी असेल तर तेवढ्याच क्षमतेची दुसरी लावा, फरक लगेच जाणवतो.

दुकानात जायची वेळ आली तर

एवढं करूनही डिस्प्ले नाही, तर कार्ड मित्राच्या चांगल्या मशीनवर लावून बघा. तिथेही बंद असेल तर मात्र कार्डच गेलं. बदलायला जाताना बिल, खोका आणि कार्डासोबत आलेली केबल सोबत घ्या. बिलावर कार्डाचा सीरियल नंबर छापलेला असला पाहिजे, तो कार्डावरच्या स्टिकरशी जुळवून बघा. वॉरंटीसाठी पुढे तोच विचारतात. सेकंडहँड कार्ड घेत असाल तर टेस्टिंग वॉरंटी किती दिवसांची ते बिलावर लिहूनच घ्या आणि त्याच दिवशी, दुकानदाराच्या मशीनवर निदान अर्धा तास एखादा जड गेम चालवून बघा. कार्ड दुसऱ्या कुठल्याच मशीनवर तपासता आलं नाही, तर अख्खं कॅबिनेट उचलून न्या. कुठे अडकतंय ते दुकानदाराला दहा मिनिटांत कळेल आणि बायोसमध्ये काय बदललं ते समोर उभं राहून बघता येईल. त्या सेटिंगचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, पुढच्या वेळी सेल संपला की लागेल.